मुकादमाची जांभई

भात पिवळं पडू लागलं की बारवीच्या रानातली डुकरं वाडीकडे नाक करतात. खातात थोडं आणि लोळतात फार. सकाळी जाऊन बघावं तर निम्मं वावर लाटण्याने लाटल्यासारखं आडवं. नाथाचं वावर ओढ्याच्या अंगाला, रानाला चिकटून, म्हणजे डुकरांच्या पंगतीतलं पहिलंच पान. तरी बरीच वर्षं तिथली लोंबी सहसा डुकराच्या तोंडी गेली नव्हती, आणि त्याचं कारण मुकादम.

मुकादम म्हणजे नाथाचा कुत्रा. एक कान उभा, एक पडका, अंगाने काळा-तांबडा. पिल्लू असताना आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी तो बांधावरून बायांच्या मागे मागे फिरायचा आणि कुणी कंबर सरळ करायला उभी राहिली की तिच्याकडे टक लावून बघायचा. ती परत वाकली की हा पुढे. बायांनीच नाव ठेवलं. नाथाची बायको बकुळा त्याला अर्धी भाकरी जास्त टाकायची, कारण घरात वेळेवर कामाला जाणारा तो एकटाच, असं तिचं मत होतं. नाथाला हे मत ठाऊक होतं. तो ते तंबाखूबरोबर थुंकून टाकायचा.

त्या साली कापणी तोंडावर आली असताना हरिचंद्राला डुक्कर भेटलं. हरिचंद्र हा नाथाचा धाकटा चुलतभाऊ. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, येत्या निवडणुकीत ग्रामपंचायतीत शिरायची हौस. पहाटे तो टमरेल घेऊन ओढ्याकाठी बसला होता, आणि समोरच्या करवंदीच्या जाळीतून डुक्कर निघालं. अशा वेळी माणूस पळू शकत नाही आणि बसूही शकत नाही. हरिचंद्राने ओरडून रान डोक्यावर घेतलं. भाताच्या राखणीच्या माळ्याखालून मुकादम सुटला तो थेट डुकराच्या तोंडावर. डुकराने त्याच्या मागच्या मांडीत सुळा घातला, पण मुकादमाने त्याचा कान सोडला नाही. शेवटी डुक्करच कंटाळून रानात गेलं.

ही झाली खरी हकिकत, आणि ती बकुळाने बांधावरून उघड्या डोळ्यांनी पाहिली होती. वाडीत दुपारपर्यंत पोचली ती वेगळीच. तिच्यात हरिचंद्राच्या हातात कोयता होता. टमरेल कुठेच नव्हतं.

"वयनी, तुझ्या कुत्र्याने वाडीचं नाव काढलं," हरिचंद्र म्हणाला. "त्याचा सत्कार करायचा."

"कुत्र्याचा?"

"मंग? शिरगावचे अनंताशेठ येणार. शाल, श्रीफळ, समद्यांच्या देखत. मी शब्द घेतलाय त्यांचा."

कुळगावात फ्लेक्स छापायचं मशीन आल्यापासून त्या टापूत कुणाचा वाढदिवस लपून राहिला नव्हता. दोन दिवसांत वाडीच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. मधोमध बिल्डर अनंताशेठ, खाली हात जोडलेला हरिचंद्र, आणि कोपऱ्यात मुकादम. मोबाइल नाकाला लावून काढलेला फोटो. कान मागे, ओठ ताणलेले, डोळ्यांचं पांढरं लख्ख दिसतंय.

"हसतोय बघ कसा," नाथा म्हणाला. तो रोज फाट्यापर्यंत नुसता फ्लेक्स बघायला जाई.

तेव्हापासून मुकादमाचे दिवस फिरले. बघायला माणसं येतात म्हणून नाथाने त्याला शेतावरून आणून ओटीवर साखळीला बांधलं. माणसंही येत. कुळगावातून येत, अंबरनाथच्या कंपनीत जाणारे पोरगे पाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून येत. आलेला प्रत्येक जण आधी मुकादमाच्या टाळूवर थापट्या मारी, मग "कुठं लागलं, बघू?" म्हणून जखमेवर बोट ठेवी. नाथा तर पाहुण्याला पाण्याच्या आधी जखम दाखवायचा. मुकादम मान दुसरीकडे फिरवी.

"ऐट आली त्याला," नाथा कौतुकाने सांगे. "आता बघतसुद्धा नाय कुणाकडं."

मग मुकादम जांभई देई. चांगली जबडा फाकवून, दिवसाढवळ्या, पोटभर झोप झालेली असताना. नाथाच्या घरात जांभईपुढे चुटकी वाजवायची रीत बापजाद्यांपासूनची. उघड्या तोंडातून काहीबाही आत शिरू नये म्हणून. नाथा मुकादमाच्या नाकापुढे चुटकी वाजवी, की मुकादम जिभेने नाक चाटी आणि परत जांभई देई. परत चुटकी. पाहुणे हसून हसून लोळत. मुकादम पुढचा एक पाय उचलून अधांतरी धरी, आणि पाहुणे म्हणत, "नमस्कार करतोय!"

केस मात्र झडू लागले. ओटीवर केस, हंड्यात केस, भाकरीवर केस. अंग कोरडं असताना भिजल्यासारखं झाडायचा, आणि मग केसांचा ढगच उठायचा. भाकरीला तोंड लावेना. बकुळाच्या मते कारण उघड होतं. एवढ्या डोळ्यांनी बघितल्यावर दगडाला दृष्ट लागते, हा तर जीव. आणि दृष्टीची पहिली खूण कोणती? जांभई.

तिने तिन्हीसांजेला मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या. मुकादमावर वाकून मूठ डोक्यापासून शेपटीपर्यंत उतरवत म्हणू लागली, "आल्यागेल्याची, वाटसराची, फ्लेक्स बघणाऱ्याची, कुणाची लागली असंल ती जळून जावो." मुकादम साखळी ताणून भिंतीला चिकटला आणि त्याने एकापाठोपाठ अशा जांभया दिल्या की बकुळाला स्वतःला जांभई आली.

"बाय बाय बाय, केवढी लागलीय!" तिने मूठ चुलीत टाकली. घरभर मिरच्यांच्या धुराचा खाट उठला. नाथा खोकत बाहेर पळाला. मुकादमाला साखळीमुळे पळता येत नव्हतं, त्याने तोंड पायात खुपसलं. आता अंग आकसून बसलाय म्हणजे दृष्ट उतरली, असं बकुळाने ठरवलं. दुसऱ्या दिवशी जांभया वाढल्या, म्हणून तिने मिरच्या वाढवल्या.

इकडे शेतावर राखणीला कुणी नव्हतं. नाथा माळ्यावर झोपायचा, पण नाथाच्या घोरण्याला डुकरं सरावली होती. एका सकाळी ओढ्याकडचा कोपरा लोळवलेला सापडला. बकुळा चिखलात बसून एकेक लोंबी उचलू लागली. ह्या भातावर त्यांचं वर्ष होतं. उरलेलं कापून खळ्यावर येईपर्यंत मुकादम शेतावर हवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात रेशनच्या तांदळातले खडे निवडत बसावं लागेल.

"आवो, सोडा त्याला," तिने नाथाला सांगितलं.

"सत्कार होऊ दे. साखळी तोडून रानात गेला तर शेठला काय नुसती साखळी दाखवू?"

त्या रविवारी लेक किर्ती आली. ती उल्हासनगरला कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होती, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. ओटीवर चप्पल काढता काढता तिने मुकादमाकडे पाहिलं आणि त्याच्यापासून लांब बसली.

"आई, हा टेन्शनमध्ये हाय."

"कुत्र्याला कसलं टेन्शन? त्याला काय दहावीचा पेपर हाय?"

"अगं खरंच. आमच्या सिंधी मालकिणीचा पॉमेरियन सेम टू सेम. दिवाळीत फटाके लागले की जांभया द्यायचा, नाक चाटायचा, डोळे असे तिरके. मालकीण बोलली, वडी, नींद आई है मेरे बच्चे को, नि उचलून पप्पी घेतली. डायरेक्ट गालाला चावला. टाके पडले." किर्तीने गालावर बोट ओढून दाखवलं. "डॉक्टर बोलले, तो कधीचा सांगत होता, तुम्हीच ऐकलं नाय. भुंकतो, गुरगुरतो तोपर्यंत ठीक. एकदम गप्प झाला, दगड झाला, की समझ लो, हात काढायचा."

"चावायचं नाव काढू नकोस!" बकुळा ताडकन म्हणाली आणि दाराबाहेर कुणी नाही ना ते बघून आली.

तिला वेणूआजीचा पांड्या आठवला होता. गेल्या उन्हाळ्यात तो लग्नातल्या एका पाहुण्याला चावला, आणि चावरं कुत्रं वाडीत ठेवायचं नाही असा हरिचंद्राने ठराव केला. पांड्याला पोत्यात घालून पार मुरबाडच्या पलीकडे सोडून आले. वेणूआजी अजून संध्याकाळी दाराबाहेर भाकरीचा तुकडा ठेवते. कावळे नेतात.

सत्काराच्या दिवशी नाथाने मुकादमाला अंगाच्या साबणाने आंघोळ घातली. समाजमंदिरापुढे मांडव, आत लाल सोफा, ढोल-ताशा, आणि माईकमध्ये फुंकून "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणणारे सहा जण. मुकादमाची साखळी सोफ्याच्या पायाला बांधली. त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बकुळाला बसवलं, कारण मालकिणीचाही सत्कार होता. तिच्यापुढे अख्खी वाडी मांडी घालून तिच्याकडे बघत होती. रोज ज्या बायांबरोबर ती चिखलात वाकायची, त्याही आज तिला अनोळखी असल्यासारख्या निरखत होत्या.

हात कुठे ठेवावे तिला कळेना. मांडीवर ठेवले तर जड, पदराखाली घेतले तर काहीतरी लपवल्यासारखं. तोंडाला कोरड पडली. तिने ओठांवरून जीभ फिरवली. हरिचंद्राचं भाषण सुरू झालं. "कोयता माझ्या हातात, समोर काळ उभा..." बकुळाने नजर मांडवाच्या खांबाकडे वळवली. आणि तिला जांभई आली.

तिने पदर तोंडाशी धरला. दुसरी आली. तिसरी. झोप तर डोळ्यांत कुठेच नव्हती, छाती ढोलासारखी वाजत होती. अशा जांभया तिला आयुष्यात एकदाच आल्या होत्या. माहेरच्या ओसरीवर, पाटावर, नाथाची माणसं तिला बघायला आली होती तेव्हा. सगळे डोळे तिच्यावर, कुणी म्हणतंय चालून दाखव, कुणी म्हणतंय केस दाखव, आणि ती जांभयांवर जांभया देतेय. सासू नंतर कितीदा तरी बोलून दाखवायची, तेव्हाच ओळखलं होतं मी, पोरगी आळशी आहे. आळशी कसली? ती भीतीने अर्धी झाली होती.

बकुळाने सावकाश मान वळवून मुकादमाकडे पाहिलं.

मुकादमाने नाक चाटलं. तोंड दुसरीकडे केलं. जांभई दिली. अगदी तिच्यासारखी.

"आगं बाय," बकुळा स्वतःशी म्हणाली. तिला तो मिरच्यांचा खाट आठवला. भिंतीला चिकटलेलं ते जनावर आठवलं, आणि स्वतःच्या थोबाडात मारून घ्यावीशी वाटली. गेले कित्येक दिवस तो बिचारा ओरडून सांगत होता, मला सोडा, माझ्यापासून लांब व्हा, आणि घरातली दोन शहाणी माणसं, एक चुटक्या वाजवत होता आणि दुसरी धुरी देत होती.

एवढ्यात टाळ्या पडल्या. अनंताशेठ उठले. अंगाला अत्तराचा घमघमाट, गळ्यात बोटभर साखळी, हातात शाल. त्यांनी ती मुकादमाच्या पाठीवर टाकली आणि वरून जखमेवर प्रेमाने थापटलं.

"शेठ, जरा वाका," फोटोवाला म्हणाला. "गालाला गाल लावा. अजून जवळ. पेपरात द्यायचाय."

शेठ वाकले. मुकादमाची धाप थांबली. तोंड मिटलं. शेपूट, कान, मान, सगळं होतं तिथे थिजलं. फक्त डोळ्यांचं पांढरं शेठच्या गालाकडे सरकलं.

दगड झाला.

आता काय करायचं? 'चावंल तो!' म्हणून ओरडावं, तर भरल्या मांडवात चावरा म्हणून शिक्का बसतो आणि पोतं तयार. न ओरडावं, तर शेठचा गाल जातो आणि तरीही पोतं तयार. मुरबाडच्या पलीकडचा रस्ता बकुळाला डोळ्यांपुढे दिसला. मोठी माणसं कुणाच्या सांगण्याने मागे सरत नाहीत. ती फक्त एकीच्या सांगण्याने सरतात.

बकुळाने अंबाडा सोडला, खुर्ची लाथाडली आणि घुमायला सुरुवात केली.

"हूंऽऽ! हूंऽऽ!"

ढोलवाल्यांना काय, त्यांनी ताल धरला. "आली! गावदेवी आली!" बाया ओरडल्या. शेठ तसेच मागे सरले, ते थेट फोटोवाल्यावर. हरिचंद्राने माईक टाकून हात जोडले. नाथाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आई, कोण तू? काय पायजे तुला?" वेणूआजीने विचारलं. घुमणाऱ्या बाईला काय विचारायचं हे तिलाच ठाऊक होतं.

"माझा वाघ बांधला!" बकुळा गरजली. आवाज एवढा मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. "कुणी बांधला माझा वाघ? सोड! मागं सरा समदे! मांडव सोडा!"

मांडव मागे सरला. नाथा रांगत सोफ्यापाशी गेला आणि साखळी काढली.

"आई," शेठ लांबूनच हात जोडून म्हणाले, "माझं शिरगावचं काम..."

"आधी मागं सर!"

शेठ मांडवाच्या बाहेर गेले.

मुकादमाने चारी बाजूंची मोकळी जागा बघितली. अंग नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत झाडलं. मग शाल पाठीवर तशीच घेऊन तो जो निघाला, तो सरळ बांधाबांधाने ओढ्याकडच्या वावरात. मागच्या पायाने थोडा लंगडत, पण कामाला उशीर झालेल्या माणसासारखा. वाडीने उभं राहून त्याला नमस्कार केला. मग बकुळा, आता पुढे काय करतात ते न सुचून, डोळे मिटून आडवी झाली.

घरी आल्यावर नाथा दाराशीच उभा राहिला. उभ्या संसारात त्याने बायकोला "ए" शिवाय हाक मारली नव्हती.

"तुम्ही... तुम्हाला च्या करू का?"

बकुळाला हसू फुटलं. "आवो, आत या. मीच हाय."

"म्हंजी देवी गेली?"

"आलीच कुठं होती?"

तिने त्याला सगळं सांगितलं. नाथा ऐकता ऐकता खाली बसला. देवीचं सोंग घेतलं म्हणून आधी त्याने गावदेवीच्या दिशेने कानाला हात लावले, तिच्याही वतीने. मग शेठचा गाल कसा वाचला ते डोक्यात शिरलं, आणि त्याने परत एकदा हात लावले.

"म्हंजी ती जांभई झोपेची नाय?"

"भ्याल्याची. मला बघायला आलात तवा मी देत होते, आठवतं?"

"आठवतं की. आय बोलली, आळशी हाय. मी बोललो, असू दे, झोपाळू बायको भांडत तरी नाय."

"भ्याले होते हो मी. एवढी भ्याले होते."

नाथा चुटकी वाजवायच्या दोन बोटांकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की काय करायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी उठून त्याने खरंच चहा केला. फार गोड झाला.

सकाळी उजाडताच बकुळा विळा घेऊन निघाली, तर अंगण भरलेलं. नारळ, हळदकुंकू, उदबत्त्या. पुढे हरिचंद्र, आंघोळ करून, कपाळाला टिळा.

"वयनी, बस. आईचा कौल घ्यायचा. मी निवडून येतो का नाय, तेवढं इचार."

"भावोजी, भात उभं हाय माझं."

"भात कुठं पळतंय? आधी देव." बायांनी तिला धरून उंबऱ्यावर बसवलंसुद्धा. सगळ्यांचे डोळे परत तिच्यावर. खरं सांगावं तर वाडीत तोंड दाखवायची सोय नाही, आणि मुकादमही परत साखळीला. परत सोंग करावं तर खऱ्या देवीचा कोप. आणि एकदा कौल दिला की रोजचं झालं, मग कसलं शेत आणि कसली कापणी. बकुळाला घाम फुटला. तिने ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली, आणि तिला मोठी थोरली जांभई आली.

"येतंय! येतंय!" हरिचंद्र ओरडला. "जांभई आली, आता आई येतंय! नारळ पुढं घ्या!"

नाथा तिच्या शेजारी उभा होता. सवयीने त्याचा हात वर गेला, बोटं तिच्या तोंडापुढे आली. तिथेच थांबली. त्याने बायकोकडे पाहिलं. लग्न ठरवताना पाहिलं होतं, त्यानंतर इतकं नीट बहुधा आजच.

त्याने हात खाली घेतला आणि तो हरिचंद्राच्या छातीवर टेकवला.

"मागं सर, हरिचंद्रा."

"आरं दादा, देवी..."

"देवी आपल्या देवळात हाय, तिकडं जा. ही माझी बायको हाय, नि ती भ्याली हाय. समदे मागं सरा."

नाथाचा असा आवाज त्या वाडीने कधी ऐकला नव्हता. लोक मागे सरले. हरिचंद्र तोंड उघडणार, एवढ्यात नाथा साधेपणाने म्हणाला, "नायतर टमरेलाची गोष्ट सांगू?"

हरिचंद्राने नारळ उचलला आणि देवळाची वाट धरली. अंगण त्याच्या मागोमाग रिकामं झालं. नाथाने बकुळाच्या हातातला विळा घेतला, धार अंगठ्यावर बघितली आणि परत तिच्या हातात दिला.

"चल. भात कापू."

दुपारपर्यंत ओढ्याकडचा तुकडा कापून झाला. सत्काराची शाल नाथाने बुजगावण्याच्या अंगावर घातली होती, आणि ते अनंताशेठपेक्षा बरं दिसत होतं. माळ्याच्या सावलीत मुकादम पसरला होता. जखमेला कुणी हात लावत नव्हतं, कुणी नाव काढत नव्हतं. त्याने चारी पाय ताणले आणि जबडा फाकवून लांबलचक जांभई दिली.

दोघांचेही विळे थांबले. नाथाने काळजीने बकुळाकडे पाहिलं. बकुळाने मुकादमाचे कान पाहिले, डोळे पाहिले, सैल पडलेली शेपटी पाहिली.

"झोपेची हाय," ती म्हणाली.

नाथाची दोन बोटं जवळ आलीच होती. त्याने ती तशीच खिशात घातली, तंबाखूची पुडी काढली आणि मुकादमाकडे पाठ करून, आवाज न करता, तंबाखू मळायला घेतली.